चहाच्या आधीचा बोर्ड

मुबशिरा शिकलगार कळंब्याला राहते असं कळलं, की कोल्हापूरचा माणूस हमखास विचारतो, "आत का बाहेर?" कळंब्याच्या तुरुंगाबाहेर राहणाऱ्या समस्त प्रामाणिक लोकांच्या नशिबी हा विनोद आहे. मुबशिरा आधी हसायची. मग नुसती मान हलवायला लागली. आता चाळिशीला टेकल्यावर ती सरळ सांगते, "आतच. भेटायची वेळ संध्याकाळी, फोनवर."

त्यात तसं खोटं काही नव्हतं. संध्याकाळी ती घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच फोन वाजायचा आणि पलीकडून एका मुलीचा आवाज यायचा, "ताई, गेलं!"

काय गेलं हे कळायला आधी तिचा धंदा कळला पाहिजे. मुबशिरानं 'फलक' नावाचं सॉफ्टवेअर केलेलं आहे, फ्लेक्सचे बोर्ड करणाऱ्या दुकानांसाठी. आपल्या गावात माणूस पास झाला की बोर्ड लागतो, नापास होता होता वाचला तरी लागतो, गाडी घेतली की लागतो, आणि त्या गाडीला वर्ष झालं की पुन्हा लागतो. मधोमध उत्सवमूर्ती उभी, हात जोडून नाहीतर मोबाईल कानाला लावून. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, बाजारात वांगी मांडल्यासारखी ओळीनं. कुणाचं मुंडकं केवढं, कुणाच्या खांद्याला चिकटून, कुणापेक्षा बोटभर वर, यावर पेठेतली निम्मी भांडणं होतात आणि उरलेली निम्मी मिटतात. परदेशी सॉफ्टवेअरात मराठी जोडाक्षरं मोडून पडायची, 'फलक'मध्ये ती ताठ उभी राहायची. म्हणून 'फलक' खपला.

यातली गंमत अशी, की मुबशिराचे वडील दिलदार पेंटर. अर्ध्या शहराच्या पाट्या त्यांच्या ब्रशातून उतरल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळला. पेठेतल्या टवाळांना एवढं पुरेसं होतं, पण त्यांना तोंड उघडायची संधी दिलदारभाईंनी कधी दिलीच नाही. चहाच्या गाड्यावर तेच आधी सुरू करायचे, "माझ्या धंद्याचा कार्यक्रम कुणी केला ठाव हाय? भाईर कशाला शोधताय, घरातल्यानंच की!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

आता हे 'गेलं' प्रकरण. कुठल्याही सॉफ्टवेअरात एक मागे न्यायचं बटण असतं, अनडू म्हणतात ते, आणि एक परत पुढे आणायचं, रिडू. चुकलं, मागे जा. मागे जाऊन पाहिलं, आधीचं काही बरं नव्हतं, परत पुढे या. इथवर सगळं गोड. पण मागे गेलेलं असताना तिथं कशाला नुसतं बोट लावलंत, एखादं मुंडकं केसभर सरकलं, की पुढचं सगळं पुसलं जातं. मग रिडू कितीही दाबा, ते बटण मुक्या गाईसारखं तुमच्याकडे बघत राहतं. जगातली बहुतेक सॉफ्टवेअरं असंच करतात. मुबशिरानंही तसंच केलं होतं. सगळे करतात म्हणून केलं, का करतात हे विचारलं नाही. पंचविशीत विचारायचं सुचत नाही, आणि सुचण्याच्या वयात विचारण्याइतका जीव उरत नाही.

आणि दुकानात व्हायचं असं, की गिऱ्हाईक एकटं कधीच येत नाही. कोल्हापुरात बोर्ड करायला अख्खं मंडळ येतं, ऑपरेटरच्या खुर्चीमागे कोंडाळं करून उभं राहतं आणि सगळे एकदम बोलतात. "मगाशी हुतं ते बरं हुतं." "कंचं मगाशी?" "दाव की जरा." ऑपरेटर बिचारा मागे मागे जातो. कुणीतरी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवतो, कुणाचा कोपर माऊसला लागतो, नाव हलतं, आणि पुढचं सगळं काम गुडूप.

मग संध्याकाळी फोन. "ताई, गेलं!" हा आवाज स्नेहलचा. शुक्रवार पेठेत पूर्णिमाताईंचं फ्लेक्सचं दुकान आहे, गावातलं सगळ्यात चालतं. स्नेहल तिथली ऑपरेटर, बोलायला फटकळ आणि हाताला चपळ. दुकान ती सांभाळते. पूर्णिमाताई संध्याकाळच्या उद्यमनगरात, छपाईच्या मशीनपाशी. फोन स्पीकरवर असायचा, मागे दहा गळ्यांचा गलका असायचा, आणि मुबशिरा थकल्या आवाजात रोजचंच सांगायची, "गेलं ते गेलं. परत येत नाही. समोर आहे तेवढंच." पलीकडे गलका शांत व्हायचा. ही फोन ठेवायची, भिंतीला टेकून बसायची. आपण केलेल्या वस्तूबद्दल रोज संध्याकाळी माफी न मागता माफी मागायची, याचा शीण अंग मोडून काम करण्यापेक्षा जास्त असतो.

एके दिवशी फोन सकाळी आला, आणि खुद्द पूर्णिमाताईंचा.

"मुबशिराताई, तुमच्या फलकाला विसरायचा रोग लागलाय बगा. रोज ऐकतोया मी, हे गेलं अन् ते गेलं. पुण्याचं एक सॉफ्टवेअर हाय, ते म्हणं काय विसरतच न्हाय. दसऱ्याच्या आत काय ते करा, न्हायतर आम्ही चाललो तिकडं."

मुबशिरानं हे मालकांना सांगितलं. मालक म्हणजे राजवर्धन. वडिलांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री, चिरंजीवांना लोखंडाची धूळ सोसत नाही, म्हणून राजारामपुरीत दोन खोल्यांत सॉफ्टवेअरचं ऑफिस. मनानं वाईट नाही, पण दर सहा महिन्यांनी त्याला एक नवा शब्द सापडतो आणि तो शब्द घेऊन तो आठवडाभर गावभर हिंडतो. सध्याचा शब्द एआय.

"मॅडम, अनडू-बिनडू सोडा. एआयचं एक बटण द्या. दाबलं की बोर्ड तयार!"

"आणि मुंडकी कुणाची कुठं, ते कोण ठरवणार?"

"ते पण एआयच."

"त्याला पेठेत राहायचं नाहीये म्हणून तो ठरवेल," मुबशिरा म्हणाली.

राजवर्धन हसला आणि मग जरा गंभीर झाला. पूर्णिमाताई गेल्या तर बाकीची दुकानं त्यांच्यामागे जाणार, हे त्यालाही कळत होतं. "तसं झालं तर फलक बंद करायचा," तो म्हणाला. "तुमची काळजी नको. फौंड्रीत हजेरीचं सॉफ्टवेअर बघा. पगार तोच."

पगार तोच. मुबशिरानं डोळ्यांपुढे आणून पाहिलं, शिरोलीच्या गेटवर अंगठा उमटवणारी रांग आणि "मॅडम, माझा अंगठा लागंना झालाय" असे फोन. उमेदीची सगळी वर्षं जिच्यात घातली ती एक वस्तू जाणार, आणि आपण अंगठे मोजत बसणार. तिला रागही आला नाही. राग यायलासुद्धा थोडी ताकद लागते.

पण त्याच संध्याकाळी ती घरी न जाता स्कूटर घेऊन शुक्रवार पेठेत गेली आणि स्नेहलच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"तुम्ही कशाला आलाय?" स्नेहल दचकलीच.

"बघायला. कसं जातं ते."

त्या दिवशी धोंडुबाई नावाच्या आजी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा बोर्ड करायला आल्या होत्या, सोबत सुना, मुलगी, व्याही असा लवाजमा. बाळ एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारी घराणी दोन. आईकडच्यांचे फोटो उजवीकडे का डावीकडे, यावर पडदा खालीवर होत होता. मधेच धोंडुबाईंनी फर्मान काढलं, "पोरी, त्ये चा यायच्या आधीचं दाव."

स्नेहल पटापट मागे गेली आणि नेमकी थांबली.

"हे न्हवं. धाकली फोन घ्यायला भाईर गेलती, तवाचं."

स्नेहल तिथंही बरोबर थांबली. मुबशिरा बघत राहिली. तिनं आयुष्यभर पायऱ्या मोजल्या होत्या. एक मागे, दोन मागे. इथं पायऱ्या कुणी मोजतच नव्हतं. यांना आठवत होता तो चहा. यांना आठवत होतं कोण रुसलं, कोण बाहेर गेलं, कुणाचा फोन आला. आणि अशा प्रत्येक वेळी एक गोष्ट नक्की घडत होती, स्नेहलचा हात थांबत होता. चहा आला की हात थांबतो. वाद पेटला की हात थांबतो. हात थांबला तिथं त्यांच्या आठवणीची खूण पडते.

दुसरी गोष्ट तिनं पाहिली ती ही, की त्यांना मागे जायचंच नव्हतं. फक्त मागचं बघायचं होतं. नुसतं बघण्यासाठी सॉफ्टवेअर त्यांना हातातलं सगळं टांगणीला लावून मागे चालायला लावत होतं.

तिसरी गोष्ट तिनं पाहिली, पण त्या वेळी तिचा अर्थ तिला लागला नाही. त्या संध्याकाळी काहीच गेलं नाही.

"आज कसं गेलं नाही गं?" दुकान आवरताना तिनं विचारलं.

"तुम्ही बसलाय की शेजारी, म्हणून असंल," स्नेहल खाली बघत म्हणाली आणि उगीचच की-बोर्ड पुसायला लागली.

मग मुबशिरानं काम काढलं. राजवर्धनला सांगितलं, हे एआयच्या आधीचं काम आहे, त्याला वाटलं एआयचाच काहीतरी भाग असेल, तो खूष. स्वतःचंच जुनं काम उसवायचं म्हणजे आपण लग्नात नेसलेली साडी उसवून पिशव्या शिवण्यासारखं. प्रत्येक टाका आपणच घातलेला, आणि तोच म्हणतो, मला का हात लावतेस. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. दिलदारभाई मागे येऊन उभे राहायचे.

"आमच्यात बरं हुतं. अक्षर चुकलं की रॉकेलचा बोळा मारायचा."

"आणि पुसलेलं परत पाहिजे म्हटलं तर?"

"असं म्हणणारं गिऱ्हाईक आमी शिडीवरनंच हाकलत हुतो."

दसऱ्याच्या आधी ते तयार झालं. पडद्याच्या तळाला एक पट्टी. काम करता करता हात जरा थांबला, की त्या घडीचा बोर्ड चिमुकल्या चित्राच्या रूपात त्या पट्टीत जाऊन बसणार. कुठल्याही चित्रावर टिचकी मारा, तो बोर्ड मोठा दिसेल. नुसता बघा, काही बिघडत नाही. त्यात बदल करावासा वाटला तर करा, त्याचं शेजारी नवं चित्र होईल आणि आधीची सगळी जागच्या जागी राहतील. कुणाचा कोपर लागो, कुणाचं बोट लागो, काही म्हणून पुसलं जाणार नाही. पट्टी हवी तेव्हा लपवायची एक छोटी कळ तिनं स्वतःच्या तपासणीसाठी ठेवली होती, ती काढायची राहून गेली.

ते बघायला पूर्णिमाताई स्वतः छपाई सोडून दुकानात येऊन बसल्या. आणि योग असा, की त्याच संध्याकाळी तालमीचं मंडळ आलं. तालमीचे आण्णा पंचाहत्तरीत पदार्पण करणार होते. आण्णा स्वतः आले होते, कारण मागच्या बोर्डावर त्यांच्या मिशीचं एक टोक छपाईत गेलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. सोबत मंडळाचा अध्यक्ष गुंडू, मानेपेक्षा खांदे जास्त. आणि आण्णांचा पुतण्या आदर्श, ज्याला पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायचं होतं आणि हे गुंडू सोडून सगळ्यांना माहीत होतं. खरं तर गुंडूलाही माहीत होतं. मागे पोरं वीस-पंचवीस.

"गुंडूदाचं मुंडकं उजव्या अंगाला," एकानं सुचवलं.

"आन् मी काय पायाखाली?" आदर्श.

"तू घरातला हाईस की. घरातल्यानं मागं ऱ्हावं."

"घरातला हाय म्हणूनच तर जवळ पायजे!"

स्नेहल सरकवत होती, पट्टीत चित्रं जमत होती. चहा आला. चहा पिऊन झाल्यावर गुंडू म्हणाला, "चा यायच्या आधीचं दाव गं." स्नेहलनं टिचकी मारली. आला. "आता आत्ताचं." तेही आलं. मंडळात कुजबुज झाली. पूर्णिमाताईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "ब्येस केलंय की ओ ताई," त्या म्हणाल्या. "पुण्याच्यात सुदिक असं दावलं न्हवतं."

मुबशिराला वाटलं, संपलं. शिरोलीची रांग डोळ्यांपुढून नाहीशी झाली.

पण संपेचना. आता सगळं परत येतंय हे मंडळाला कळलं होतं. कुणी म्हणे आदर्श रुसला त्याच्या आधीचं दाव, कुणी म्हणे रुसवा निघाला त्याच्या नंतरचं. गुंडूला वर घेतलं की आदर्श आधीचं चित्र दाखवायला लावायचा, आदर्शला वर घेतलं की गुंडू. हरलेल्या कुणाच्याच पाठीला माती लागेना. आण्णांना विचारलं तर आण्णा म्हणाले, "मला काय, मी मधीच हाय. मिशी सांबाळा." दुसरा चहा आला. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक कंटाळून उठून गेलं, मग त्याच्या शेजारचं. पूर्णिमाताईंचं हसू हळूहळू उतरत चाललं. पट्टी लांबत लांबत पडद्याच्या बाहेर निघाली होती.

तेव्हा स्नेहल मुबशिराकडे कलली आणि पोरांच्या गलक्यात हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगू? रागावायचं न्हाय."

"बोल."

"ते जुनं बरं हुतं. असं लांबलं ना, की मी मागं जायचो आन् मुद्दाम एक नाव हलवायचो. गेलं म्हणायचो. मग तुम्हाला फोन. तुम्ही म्हणायचा, गेलं ते गेलं. मग गप घेऊन जायची सगळी. मला कोण ऐकतंय ओ? तुमचं ऐकायची."

मुबशिरानं मनातल्या मनात मोजायला घेतलं. इतक्या संध्याकाळी. चप्पल न काढता घेतलेले ते सगळे फोन. भिंतीला टेकून केलेली ती सगळी मनातली माफी. आपण जी चूक म्हणून झुरत होतो, ती ही पोरगी रोज हत्यारासारखी वापरत होती, आणि पेठेतली निम्मी भांडणं मिटवत होतो ते आपण, कळंब्यात बसून, फुकटात. रागवावं म्हटलं तर हसू येत होतं आणि हसावं म्हटलं तर तेवढा दमच नव्हता.

"आणि पूर्णिमाताईंना काय सांगायचीस?"

"त्यास्नी म्हणायचो, सॉफ्टवेअर विसरतंय."

पलीकडे गुंडू आणि आदर्श आता बोर्ड सोडून मागच्या वर्षीच्या वर्गणीवर घसरले होते. पूर्णिमाताई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "ताई, हे असंच चालणार व्हय रोज?" त्यांच्या आवाजात पुन्हा पुणं ऐकू यायला लागलं.

मुबशिरानं स्नेहलपुढचा माऊस आपल्याकडे ओढला. पडद्यावर त्या घडीला जो बोर्ड होता त्यात आण्णा मधे, आणि गुंडू-आदर्श त्यांच्या दोन्ही अंगांना, सारख्याच उंचीवर, सारख्याच रागात. तिनं ती छोटी कळ दाबली. पट्टी नाहीशी झाली.

"गेलं," ती म्हणाली.

"म्हंजे?" गुंडूनं वळून पाहिलं.

"म्हणजे समोर आहे तेवढंच राहिलं."

"आन् चा यायच्या आधीचं?"

"गेलं ते गेलं. परत येत नाही."

तोच आवाज. त्यात नाटक नव्हतं, दिवसभराचा शीण होता तेवढा. दुकान शांत झालं. आदर्शनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि गुंडूच्या बरगडीत कोपर मारला. "आयला, गुंडूदा! फोनवरच्या ताई त्या ह्याच की!"

मागची पोरं टाचा उंचावून बघायला लागली. एकानं तर नमस्कारसुद्धा केला. आण्णा सावकाश उठले, पडद्याजवळ गेले, मिशीची दोन्ही टोकं तपासली. "ताईंनी सांगितलं म्हंजे संपलं," ते म्हणाले. "छापा."

मंडळ गेलं, जाताना गुंडूचा हात आदर्शच्या खांद्यावर होता, का मानेवर होता, ते अंधारात नीट दिसलं नाही. पूर्णिमाताईंनी ती पट्टी पडद्यावरून जाताना पाहिली होती, आणि स्नेहलला ती हळूच परत आणतानाही पाहिलं होतं. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"स्नेहल, तुझ्याशी उद्या बोलतो मी," त्या म्हणाल्या. मग मुबशिराकडे वळल्या. "पुण्याचं न्हाय घेत, ताई. फलकच ऱ्हावू दे. पण एक करा. ही पट्टी आमच्या पोरीला दिसू दे, गिऱ्हाइकाच्या नजरंला पडता कामा न्हाय. आन् ते 'गेलं' म्हणायचं बटण हाय ना, ते जरा मोठं करा."

फलक राहिला. शिरोलीचे अंगठे टळले. राजवर्धननं जाहिरात केली, 'आता काहीही हरवत नाही', आणि स्वतःच्या फोटोसकट तिचा बोर्ड ऑफिसखाली लावला. स्वतःचं मुंडकं कुठं ठेवायचं यावर त्यानं म्हणे तासभर घेतला, एकटा असून.

त्यानंतर एका संध्याकाळी मुबशिरा कळंब्याला पोचली. चप्पल एका पायातली निघाली होती, दुसऱ्या पायातली निघायची होती, तोच फोन वाजला. स्पीकरवर गलका.

"ताई, गेलं!" स्नेहल ओरडली. आवाजाच्या मागे हसू दाबलेलं होतं, पण ते फक्त मुबशिरालाच ऐकू आलं असावं.

मुबशिरा भिंतीला टेकली. "गेलं ते गेलं," ती म्हणाली. "परत येत नाही. समोर आहे तेवढंच."

पलीकडे सगळं निवलं. तिनं फोन ठेवला. दिलदारभाई आतून विचारते झाले, "काय गेलं गं?"

"काही नाही गेलं, अब्बा."

"मग एवढ्या मेल्या आवाजात कशाला सांगतीस?"

"तोच चालतो त्यांना," मुबशिरा म्हणाली, आणि दुसरी चप्पल काढली.